आरमाराची भित्री

आज सकाळी जाग आली तेव्हा पोटात काही नव्हतं. भूक होती, पण ती वेगळी, ती खालच्या अंगाला असते. मी म्हणते ती जागा बेंबीच्या वर, बरगड्या जिथे एकमेकींना सोडतात तिथे. माझी भीती तिथे असते. इतकी वर्षं डोळे उघडायच्या आधी मी तिथे हात नेऊन बघत आले आहे, दुसरी माणसं उशाखालचं घड्याळ चाचपतात तशी. आज हात नेला तर नुसतं पोट. म्हाताऱ्या बाईचं सैल, ऊबदार पोट. वाटलं, अजून झोपली असेल, येईल. म्हणून तशीच पडून राहिले. खिडकीबाहेर ट्रामच्या तारा थरथरत होत्या. खालचा घड्याळजी दुकानाची फळी काढत होता, आणि ती फळी रोजच्यासारखी त्याच्या हातून सुटून दाणकन पडली. स्वयंपाकघरात माझी नात शिट्टी वाजवत होती. शिट्टी! गलबतावर जी वाजवली म्हणून धडधाकट माणसाला दिवसभर तोंडात दोर धरून बसवलेलं मी पाहिलं आहे, ती शिट्टी. आणि तीही आज, जिचं जहाज दुपारी सुटणार तिच्याच तोंडून. मी पोटावर हात ठेवून वाट बघितली. काही हललं नाही.

उठून गेले तर माझी लेक आणि नात, दोघी एकाच वाडग्यातून दुधात कुस्करलेला पाव खात होत्या. लेकीच्या अंगावर इस्पितळाच्या धुलाईखात्याचा निळा डगला होता, तिची पाळी लवकरची असते. नातीचे केस ओले. खाऊन झाल्यावर दोघींनी चमचे वाडग्यात टाकले आणि ते एकमेकांवर आडवे पडले, पात्याला पातं लावून. एका भांड्यात दोन चमचे शिवू द्यायचे नाहीत. दोन बोटी अशाच एकमेकींवर आडव्या येतात. हे या घरात लेकीला चालायला यायच्या आधी ठाऊक होतं, आणि नातीला तिच्याही आधी. मी त्या चमच्यांकडे बघत राहिले. चमचे होते. स्टीलचे, एकाची दांडी जराशी वाकलेली.

"काय गं आजी, आज ओरडली नाहीस?" नात म्हणाली. "मी केव्हाची मुद्दाम वाजवतेय."

"वाजव की."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "आई, बरं वाटतंय ना तुला?" लेकीनं विचारलं.

"बरं वाटतंय. तेच म्हणते मी, फारच बरं वाटतंय."

नात हसली. लेक हसली नाही. ती बंदरावर येणार नव्हती, हे तिनं आठवडाभर आधीच सांगून टाकलं होतं. मुलीला घट्ट धरून घेतलं, तिच्या कॉलरचं उलटं पडलेलं टोक सरळ केलं, पुन्हा धरलं, आणि मग दारात बूट चढवताना माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "आई, आज तू चांगली घाबर हं. मला कामावर नाही जमणार. तिथे वाफेत हात असतात." या घरात असं बोलायची रीत आहे. दुसऱ्या घरांत बायका सांगतात, येताना दूध आण. माझी लेक लहानपणापासून सांगते, आई, आज माझी परीक्षा आहे, घाबरून ठेव. मी "हो" म्हटलं. ती दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेली, आणि जिन्यात तिच्या बुटांचा आवाज इतका मोकळा, इतका बिनघोर येत होता की मला माझ्या त्या 'हो'ची लाज वाटली. माझ्याकडे काही नव्हतं. आणि पोर समुद्रावर चालली होती.

समुद्रावर मी हेच काम केलं. आम्ही लुटारू होतो. आता या शहरात ते कोणाला सांगितलं तर लोक मुलांची गोष्ट ऐकल्यासारखे मान हलवतात. आता शिडं फक्त हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतात. पण आमचं आरमार होतं, काळ्या शिडांची गलबतं, आणि सगळ्यांवर एक बाई होती. तोंडावर तिला आम्ही 'बाई' म्हणायचो आणि पाठीमागे 'थोरली'. उंच, कोरडी. भर लाटेतसुद्धा तिला भिजलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिची सावली पाण्यावर पडली की तेवढं पाणी निजायचं. खरंच निजायचं; ती कठड्याशी उभी राहिली की खाली तिच्या आकाराचा एक गुळगुळीत तुकडा तयार व्हायचा आणि बाजूच्या लाटा त्याला वळसा घालून जायच्या. आम्ही नवीन असताना ते बघायला वाकायचो. नंतर सवय झाली, माणसाला कशाचीही होते. पण थोरलीचं खरं नवल ते नव्हतं. काही माणसांना वास येत नाही, तशी तिला भीती येत नसे. जन्मापासूनच. ती फुशारकी नव्हती, ती तिची उणीव होती आणि तिला ती पक्की ठाऊक होती. पूर्वी, माझ्या आधी, त्यापायी तिनं गलबतंच्या गलबतं घालवली होती. समोर आग दिसत असून ती सरळ आत गेली होती, कारण आगीतलं काय बघून थांबायचं हे तिला आतून कोणी सांगत नव्हतं. तेव्हापासून तिनं नियम केला की प्रत्येक गलबतावर एक माणूस भ्यायला ठेवायचा. त्याला सगळ्यांत जाड घोंगडी, पहिलं वाढप, आणि लढाईत हातात शस्त्र द्यायचं नाही. तिच्या स्वतःच्या गलबतावरची ती भित्री मी.

मी तिथे कशी आले, तर शिडं शिवणाऱ्यांकडे काम करायची. एकदा शीड पोचवायला थोरलीच्या गलबतावर चढले ती खाली उतरायलाच घाबरले. फळी हलत होती. पाय पुढे जाईना. आचारी, ज्याचा आवाज पातेल्यासारखा होता, तो म्हणाला, "हिला गोणीत घालून खाली सोडा रे." सगळे हसत होते आणि मी डोलकाठीला मिठी मारून उभी. तेव्हा थोरली आली. तिनं माझ्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं आंधळा माणूस कोणी रंगाचं नाव घेतलं की मान वळवतो. "कुठे लागते?" तिनं विचारलं. मला कळेना. "भीती. कुठे लागते?" मी पोटाला हात लावला. तिनं माझा हात बाजूला करून स्वतःचा तळवा तिथे ठेवला. थंड आणि कोरडा तळवा. बराच वेळ ठेवला. मग आचाऱ्याला म्हणाली, "हिला जेवायला घाल. ही राहणार." मी अजून कधी कधी तो थंडपणा आठवते. कोणी आपलं भ्यालेलं पोट एवढं मन लावून बघावं, असं पुन्हा झालं नाही. गलबतावरच्या सुतारानंही नाही, आणि तो तर पुढे माझा नवरा झाला.

काम असं असायचं. उजाडताना उठायचं आणि गलबतभर फिरून नीट, मन लावून घाबरायचं. दोर बघून, ढग बघून, पक्षी बघून, माणसांची तोंडं बघून. मग डोलकाठीपाशी बादली पालथी घालून तिच्यावर बसायचं. नाश्त्याला जाणारा एकेक जण माझ्यासमोरून जायचा, माझ्या तळव्यावर आपला तळवा आपटायचा आणि म्हणायचा, "घे." मी म्हणायची, "आण." बस, एवढंच. पण तळवा आपटला की त्या माणसाचे खांदे खाली उतरायचे, ते मी रोज बघायची. आचारी दोन्ही हात आपटायचा. "ही माझी, आणि ही माझ्या बायकोची. तिला भीती वाटते मी घरी परत येईन म्हणून." सुतार मात्र आपटायचा नाही. तो नुसता तळवा ठेवायचा, आणि उचलायला उशीर करायचा. मागचे ओरडायचे, "अरे, किती भितोस! आम्हाला पण जागा ठेव." मग सगळ्यांचं घेऊन मी थोरलीकडे जायची. "सांग," ती म्हणायची. मी सांगायची: पश्चिमेचा पक्षी एकटा आहे, आचाऱ्याचा चाकू पडला तो टोकावर पडला, सुकाणूवाल्याच्या डाव्या कानाला आज खाज येतेय. ती हसत नसे. पोटावर हात ठेवून विचारायची, "केवढी आहे?" "मांजराएवढी." "हलते?" "नाही, बसलीय." मग ती ठरवायची, आज शिडं उघडायची की नाही.

लोक म्हणतात, शकुन-अपशकुन खुळचटपणा आहे. लेकही म्हणते, जरी चमचे वेगळे ठेवते तरी. मला ते कधी पटवून देता आलं नाही. नुसती भीती हातात धरता येत नाही. ती पाऱ्यासारखी पळते, सगळ्या दिवसावर पसरते. तिला एक मूठ लागते, कढईला असते तशी, म्हणजे उचलून एका जागी ठेवता येते. शिट्टी, चमचे, शत्रूच्या गलबतावर आधी डावा पाय, जिथे जायचं त्या किनाऱ्याचं नाव न घेणं, या सगळ्या मुठी. काही मला माझ्या आधी त्या जागी असलेल्या भित्र्याकडून मिळाल्या, काही मी केल्या. आणि मी एवढं सांगते, तळवे आपटून गेलेली ती माणसं दुसऱ्याच्या गलबतावर चढायची तेव्हा सामान हलवायला आलेल्या हमालांसारखी चढायची. शांत. "जरा सरका हो," असं म्हणत. कापड, दिवे, तेल, एकदा तर पेटीभर भिंतीवरची घड्याळं. आम्ही चांगली माणसं होतो असं मी म्हणणार नाही. लोकांचं होतं, आम्ही घेतलं. पण आमच्या मागे पाण्यावर माणसं तरंगत राहत नसत, आणि बाकीच्या टोळ्यांच्या मागे राहत.

"आजी, चल ना, ट्राम जाईल," नात म्हणाली. तिची पेटी मी उचलू दिली नाही असं ती नंतर आईला लिहील, पण खरं म्हणजे तिनंच मला उचलू दिली नाही. आम्ही दोघींनी एकेक कडी धरली आणि पेटी मधे झोके घेत जिन्यातून खाली आली. घड्याळजी भिंगातून वर बघत म्हणाला, "निघाली का इंजिनवाली? माझं एक घड्याळ घेऊन जा, समुद्रावर नेलं की बंद पडतं का बघू." "बंद पडलं तर भरपाई कोण देणार, काका?" "तुझी आजी देईल, जुनी लुटारू आहे." तो विनोद तो रोज करतो. त्याला वाटतं तो विनोदच आहे.

ट्राममध्ये मी खिडकीशी बसले आणि घाबरायला सुरुवात केली. म्हणजे प्रयत्न केला. ताडपत्र्यांचं दुकान गेलं, तिथे मी उतारवयापर्यंत दुकानांच्या छपऱ्या शिवल्या. त्याच्या पाटीचा एक खिळा निघाला होता आणि पाटी तिरकी लोंबत होती. चांगली खूण होती. मी तिला धरून बघितलं. पाटी दुरुस्त करायला हवी, एवढंच मनात आलं. पुलावर एका माणसाची टोपी उडाली आणि रुळांवर पडली. त्यानं ती झटकून डोक्यावर घातली. समोरच्या बाकावरचं मूल झोपेत डाव्या हातानं काहीतरी पकडत होतं. एरवी यातल्या एकेकावर मी आठवडा काढला असता. लेकीच्या पहिल्या तापात, सुतार पहिल्यांदा उंच छपरावर कामाला चढला तेव्हा, नात बोटीच्या इंजिनांच्या शाळेत गेली त्या दिवशी, मी पायपुसण्याच्या सुरकुतीवरसुद्धा पोटभर घाबरले आहे, आणि ती माणसं धडधाकट घरी आली आहेत. माझ्यामुळे आली असं म्हणत नाही. पण निवांत गेली, एवढं खरं. आणि आज, जेव्हा पोर अशा ठिकाणी चालली होती जिथून मी तिला हाक मारू शकणार नव्हते, माझं पोट उन्हात पडलेल्या कुत्र्यासारखं आडवं झालं होतं. हे असं आयुष्यात एकदाच झालं होतं. म्हणून तर घसा कोरडा पडला होता. तो घसा होता, पोट नव्हे. पोटानं घशाकडे लक्षच दिलं नाही.

ते एकदा झालं ती सकाळ अशीच स्वच्छ होती. पुढे एक मोठं धान्याचं जहाज आहे अशी बातमी होती, आणि सगळ्या आरमारानं शिडं उघडली होती. मी उठले, पोटाला हात लावला, आणि काही नव्हतं. भलतंच बरं वाटत होतं. दोर बघितले, दोर होते. आकाश बघितलं, आकाश होतं. मला खोटं बोलता आलं असतं, मांजराएवढी आहे म्हणून. पण थोरली हात ठेवायची, आणि त्या हाताशी खोटं बोलणं मला सुचलंही नाही. बादलीवर बसले. पहिला आचारी आला, त्यानं दोन्ही हात आपटले, "घे." मी म्हटलं, "आण," पण ते आत आलं नाही. त्याच्या हातालाच चिकटून राहिलं. तो दोन पावलं गेला आणि तळव्याकडे बघत थांबला. "काय गं," तो म्हणाला, "आज काय दिसतंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. छान आहे."

ते शब्द गलबतभर गेले. मी तसलं काही पुन्हा पाहिलं नाही. कोणी आरडाओरड केली नाही. फक्त एकेक जण जाऊन आपापली गाठ तपासायला लागला. मग शेजाऱ्याची. मग दोघांचं वाजलं की ती सैल कोणी ठेवली. ज्यानं कधी चाकूला धार लावली नव्हती तो धार लावत बसला, आणि धार लावताना समोरच्याकडे बघत होता. आचाऱ्यानं बोट कापून घेतलं. कोणीतरी नाश्ता ओकला. माझ्या एकटीचं काम बंद पडलं तर प्रत्येकाला आपलं आपण भ्यावं लागलं, आणि त्यांना ते येत नव्हतं. सवयच राहिली नव्हती. सुतार माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पटाशी होती. "खाली ठेव ती," मी म्हटलं. त्यानं हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा हात आहे.

थोरली आली. तिनं कोणाला काही विचारलं नाही. माझ्या पोटावर हात ठेवला, आणि त्या दिवशी तिनं डोळे मिटले. मग हात काढून सुकाणूवाल्याला म्हणाली, "फिरव." समोर क्षितिजावर त्या जहाजाची शिडं दिसायला लागली होती. "बाई, पण समोर आहे की!" तो म्हणाला. "फिरव." सगळं आरमार फिरलं. पुढे काय वाढून ठेवलं होतं ते कोणालाच कळलं नाही. कदाचित नुसतं धान्य. संध्याकाळी तिनं मला बोलावलं. "तू भ्यालीस तर माझी माणसं भीत नाहीत," ती म्हणाली. "तू नाही भ्यालीस तर ती भितात. आणि भ्यालेली माणसं मारतात. मला भीती कळत नाही, पण मारलेली माणसं मोजता येतात." मी विचारलं, "माझी कुठे गेली, बाई?" तिनं पुन्हा हात ठेवला, या वेळी जरा खाली. "तिच्या जागेवर कोणीतरी आलंय," ती म्हणाली. मला त्याआधी ठाऊक नव्हतं. सुतारालाही नव्हतं. तिला कसं कळलं कुणास ठाऊक. भीतीच्या जागेचा तिच्याइतका अभ्यास कोणी केला नसेल. पुढच्या बंदरात आम्हा दोघांना उतरवलं, जाड घोंगडीसकट. ती स्वतः जमिनीवर कधी उतरत नसे. कठड्याशी उभी राहिली, आणि धक्क्यापाशी तिच्या उंचीचं पाणी निजलं. मी वर बघून म्हटलं, "बाई, आता तुमचं कोण भिणार?" ती म्हणाली, "शोधीन. तू तुझ्या घरचं बघ." ते घर म्हणजे हे. माझी लेक जन्मली त्याच दिवशी सगळी भीती परत आली, व्याजासकट, आणि मी पलंगावर पडल्या पडल्या इतकी रडले की सुईण म्हणाली, "मुलगी झाली म्हणून का?" मी म्हटलं, "नाही गं बाई, परत आली म्हणून."

तेव्हा कारण होतं. आता या वयात माझ्या पोटात कोण येणार? ट्राम बंदराच्या शेवटच्या वळणावर कलली आणि पहिल्यांदा मला दुसरा विचार सुचला: की हे म्हातारपण असेल. डोळे जातात, कान जातात, दात गेलेच आहेत. तशी तीही गेली असेल. एक दिवस सगळ्यांचंच काम सुटतं. मग या घराचं कोण बघणार? लेक वाफेत हात घालून माझ्या भरवशावर उभी होती.

"आजी, तिथे शिडं नसतात गं," नात एकदम म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "आणि वारा लागत नाही इंजिनखोलीत. कोणी लुटायलाही येत नाही आता. आणि वरचा साहेब म्हातारा आहे, म्हणतात चांगला आहे." मी "हो" म्हटलं. ती खिडकीतून बघत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा, "दोन दरवाजे असतात इंजिनखोलीला. एक बंद झाला तर दुसरा असतो." मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या मांडीवर तिचे हात होते, आणि एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या नखांवरून जात होता, परत परत, एकेक नख तपासल्यासारखा. त्या सकाळी गलबतावर सगळे गाठी तपासत होते तसा. सकाळपासून ती शिट्टी वाजवत होती. माझी नात शिट्टी कधी वाजवत नाही. तिला येतसुद्धा नाही नीट. आणि मी नुसती अपशकुनाची वाट बघत ऐकत राहिले होते.

धक्क्यावर लोखंडाचा आणि ओल्या दोराचा वास होता, तो तेवढा बदललेला नाही. जहाज एखाद्या कारखान्यासारखं उभं होतं, वर बघायला मान दुखेल इतकं. शिडीपाशी एक माणूस नावं विचारून माणसं वर सोडत होता. आमची पाळी यायला वेळ होता. पेटीवर ती बसली, आणि मी तिच्यासमोर उभी राहिले.

"आजी, तुला भीती वाटतेय ना?" तिनं विचारलं.

या प्रश्नाला उत्तर तयार होतं, आयुष्यभराचं. पण समोरच्या त्या तोंडाशी खोटं बोलणं मला पुन्हा एकदा सुचलं नाही. "नाही," मी म्हटलं. "आज वाटतच नाहीये. सकाळपासून शोधतेय."

तिचं तोंड पांढरं पडलं. ती या घरात वाढलेली आहे. "म्हणजे?" ती म्हणाली, अगदी आचाऱ्यासारखी. "काहीच नाही?"

"काहीच नाही. तुला वाटतेय?"

ती पेटीवर बसल्या बसल्या वाकली, दोन्ही हात पोटाशी धरून, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "खूप. पहाटेपासून. मी तुला सांगणार नव्हते. म्हटलं, तू आहेसच की. तू भिशील आणि माझी जाईल, नेहमीसारखी. ती जातच नाहीये आजी. मला वर जाता येणार नाही. पाय उचलत नाहीये माझा."

शिडी तिच्यासमोर होती, हलत होती, पाण्याबरोबर थोडी थोडी. मी तिला परत घरी नेऊ शकले असते. पेटीची एक कडी तिनं धरायची, एक मी, ट्राम तिथेच उभी होती. कोणी काही म्हटलं नसतं, लेकीला तर आतून बरंच वाटलं असतं. क्षणभर मी तसं केलंही, मनातल्या मनात. जिना चढून वर गेलो, चहा ठेवला. आणि मग ही पोर जन्मभर खिडकीशी बसून नखं तपासत राहिली असती, आपलं आपण, कोणाच्या हातावर न ठेवता.

"कुठे लागते?" मी विचारलं.

तिनं जागा दाखवली. मी तिचे हात बाजूला केले आणि डगल्याच्या बटणांमधून माझा तळवा तिथे ठेवला. माझा हात थंड होता, सुया धरून धरून कोरडा झालेला. आत धडधडत होतं. मी डोळे मिटले. बाईला काय कळायचं ते मला तेव्हा कळलं. स्वतःचं पोट रिकामं असलं की दुसऱ्याचं किती स्पष्ट लागतं.

"केवढी आहे?"

"आजी, लोक बघताहेत."

"बघू देत. केवढी?"

ती रडता रडता हसली. "घोड्याएवढी."

"हलते?"

"उधळलीय."

"बरं," मी म्हटलं. "मग दे इकडे." आणि हात पुढे केला, तळवा वर करून. तिनं कधी कोणाला दिलेली नव्हती. घरात मी मागायच्या आधीच घेऊन टाकायची. पण गोष्ट तिनं हजारदा ऐकली होती. ती उठली, डोळे पुसले, आणि इतक्या जोरात तळवा आपटला की शिडीजवळचा माणूस वळून बघायला लागला.

"घे!"

"आण."

माझ्या आत काही आलं नाही. पोट होतं तसंच गप्प. पण तिचे खांदे उतरले. ते मी पाहिलं. ते मी ओळखते. तिनं पेटी एकटीनं उचलली, शिडीपाशी जाऊन नाव सांगितलं, आणि डावा पाय आधी टाकला. वर गेल्यावर ती कठड्याशी दिसली, बोटभर. हात हलवला नाही, आमच्यात हलवत नाहीत. मी तिच्या खाली पाण्याकडे बघितलं. पाणी नेहमीसारखं हलत होतं, तेलकट, उनाड. बरं वाटलं. ती थोरली नव्हती, साधी पोर होती.

ट्राममधून परत येताना मी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले, काही सांडू नये म्हणून. पाटी तशीच लोंबत होती. घड्याळजी म्हणाला, "गेली का?" मी म्हटलं, "गेली." त्यानं विनोद केला नाही. जिना चढताना मधे दोनदा बसले. घरात सकाळचा दुधाचा वास कोंडला होता. तिचा ओला टॉवेल खुर्चीवर, कंगव्यात केस. स्वयंपाकघरात गेले. वाडगं तिथेच होतं, कडेला दूध वाळलेलं, आणि त्यात ते दोन चमचे, एकमेकांवर आडवे, पात्याला पातं लावून.

पोटात असा गोळा उठला की मी ओट्याला धरलं. धावत जाऊन (मी, या गुडघ्यांनी!) चमचे वेगळे केले, एक या कोपऱ्यात, एक त्या. तरी थांबेना. इंजिनखोलीला दोनच दरवाजे. वरचा साहेब म्हातारा. म्हातारा म्हणजे किती म्हातारा? शिट्टी, तीसुद्धा स्वयंपाकघरात. टोपी रुळांवर पडली होती ती कुठल्या दिशेनं? आणि पाटी, ती पाटी! मी खुर्ची खिडकीशी ओढली, जाड घोंगडी पायांवर घेतली, आणि लांबून, बंदराकडून, जहाजाचा भोंगा वाजला. आत घोडा होता, उधळलेला, तिनं सांगितला तेवढाच. मी त्याच्यावर हात ठेवला. लेक संध्याकाळी येईल, बूट काढायच्या आधी विचारेल, आणि मी तिच्या डोळ्यांत बघून सांगेन, हो गं, चांगली घाबरलेय. मग ती जेवेल, आणि झोपेल.